मामा तलाव आणि धानाची बांधी: झाडीपट्टीतला एक दिवस कसा आखावा

दर हिवाळ्यात ओळखीचं कुणी ना कुणी मला विचारतं, "एका दिवसात जाऊन येता येईल असं एखादं शेत आणि शांत तलाव सांगा ना." विचारणारे बहुतेक नागपूरचे असतात. काही पुण्याहून सुटीला आलेले असतात, तर काहींचं गाव आजोबांबरोबरच सुटलेलं असतं. मी मूळचा साकोलीकडचा. भंडारा-गोंदियाच्या या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, तलाव सांगायला शोधावा लागत नाही, जवळपास प्रत्येक गावाला एक आहेच. पण नुसतं नाव सांगून भागत नाही, हे मला अनुभवाने कळलं आहे. लोक जातात, पाण्यासमोर फोटो काढतात, डबा खातात आणि दुपारी दोनला "आता काय करायचं?" असं एकमेकांना विचारतात. शेत वेगळं बघतात, तलाव वेगळा बघतात. इथे मात्र ती एकच गोष्ट आहे. तलावाचं पाणी जिथे जातं ते शेत, आणि शेतासाठी अडवलेलं पाणी तो तलाव. म्हणून हा दिवस पाण्याच्या मागे चालत काढायचा. सकाळी तलाव, मग पाण्याचा पाट, मग बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, आणि शेवटी ताटातला भात. खालचं सगळं मी त्याच क्रमाने लिहितो आहे.

आधी तलाव म्हणजे काय ते माहीत करून घ्या

या भागात "मामा तलाव" हा शब्द तुमच्या कानावर पडेल. त्याचा आईच्या भावाशी संबंध नाही. माजी मालगुजारी या दोन शब्दांची पहिली अक्षरं घेऊन सरकारी कागदांत हा शब्द तयार झाला आणि लोकांच्या तोंडी बसला. पूर्वी ही गावं मालगुजारांच्या, म्हणजे सरकारसाठी शेतसारा गोळा करणाऱ्या गावमालकांच्या, ताब्यात होती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर तलाव मोजले गेले आहेत. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते यामुळे. गोंदिया 1 मे 1999 ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तेव्हा तलावांचीही वाटणी झाली.

हे तलाव मालगुजारीच्याही आधीचे आहेत. चांद्याच्या (आताच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या काळात जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची, असं परंपरेने सांगतात. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारं कुणी नव्हतं. उतार कुठून कुठे जातो, दोन टेकड्यांच्या मध्ये कुठे माती टाकली म्हणजे पाणी थांबेल, हे ते नजरेने ओळखत. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. तो बघायचा असेल तर नक्की बघा, पण पहिल्यांदा जाताना तिथे जाऊ नका असंच मी सांगेन. तिथे पर्यटक असतात आणि तलाव इतका मोठा आहे की पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते एका दिवसात नजरेत मावत नाही. गावाचा लहान तलाव निवडा, ज्याची पार अर्ध्या तासात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून होईल.

पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. पाणी सोडायचं तोंड म्हणजे तुडूम. तलाव भरून वाहू लागला की जास्तीचं पाणी ज्या बाजूने निघून जातं तो सांडवा. शेतातल्या छोट्या तळ्याला बोडी म्हणतात, ती बहुधा एखाद्या घराच्या मालकीची असते. एवढे चार शब्द माहीत असले तर गावातली माणसं तुमच्याशी वेगळं बोलतात, हे मी बघितलेलं आहे.

तारीख

तारीख ठरवताना स्वतःच्या सुटीआधी शेतातलं काम बघा.

जुलैत रोवणी, म्हणजे धानाची लावणी, असते. चिखलणी झालेल्या बांधीत बाया ओळीने वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत मागे सरकत जातात. वरून पाऊस असतो आणि बांधीतल्या पाण्यात आभाळ दिसत असतं. यापेक्षा देखणं दृश्य झाडीपट्टीत नाही. तरीही पहिल्या भेटीसाठी हा महिना मी टाळायला सांगतो. रोवणीच्या पंधरा-वीस दिवसांत गावात मजूर मिळत नाहीत, घरचं लहानथोर माणूस बांधीत असतं, आणि अशा वेळी पाहुणा आला की कुणाला तरी काम टाकून चहा करायला घरी यावं लागतं. एका वर्षी मी चार मित्रांना घेऊन असाच गेलो होतो. घरातली वहिनी आमच्यासाठी अर्धा दिवस चुलीपाशी अडकली आणि त्यांची एक बांधी त्या दिवशी अर्धवट राहिली. कुणी काही बोललं नाही, पण ती अर्धी बांधी मला अजून दिसते. रोवणीत जायचंच असेल तर डबा बरोबर न्या आणि चिखलात उतरून हात लावायची तयारी ठेवा.

हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान दिवाळीच्या आसपास कापायला येतं, उशिरा येणारं भारी धान नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य असतं, रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. मंडईचा दिवस आनंदाचा खरा, पण शांत तलाव बघायला तो निवडू नका.

माझी आवडती वेळ डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटपर्यंत. कापणी आटोपलेली असते, लोकांना बोलायला फुरसत असते, तलावात पाणी असतं आणि पाहुणे पक्षी उतरलेले असतात. शिवाय शेत रिकामं नसतं. धान उभं असतानाच कापणीच्या पंधरा-एक दिवस आधी ओल्या बांधीत लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, फेकून पेरतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही, धानाने मागे ठेवलेल्या ओलीवरच ते पीक येतं. जानेवारीत धानाच्या कापलेल्या बुडख्यांमधून लाखोळीची बारीक निळी फुलं वर आलेली असतात. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या मातीच्या बांधावर, तूर आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा लटकत असतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. पहाटे जंगलाच्या कडेला मोहफुलं वेचायची वेळ हीच आणि वाघाने माणसावर हल्ला केल्याच्या बातम्याही याच दिवसांत जास्त येतात. नवख्याने तिकडे जाऊ नये. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तलावाचं बूड उघडं पडतं आणि त्यातला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेला जात असतो. अभ्यासाला ते दिवस चांगले, सहलीला नाहीत.

कुणाच्या शेतावर जायचं

एक रस्ता कृषी पर्यटन केंद्राचा. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, त्यानंतर शेतकऱ्यांना अशा केंद्राची रीतसर नोंदणी करता येते. तिथे जेवणाचे, फिरण्याचे पैसे ठरलेले असतात, स्वच्छतागृह असतं आणि लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर सोय होते. फोन करताना एवढंच विचारा की शेतात सध्या पीक कोणतं आहे आणि जवळचा तलाव चालत किती दूर आहे. उत्तर गोलमाल आलं तर समजा की ते हॉटेल आहे, शेत नाही.

दुसरा रस्ता ओळखीचा, आणि मला तोच जास्त पटतो. ऑफिसातल्या सहकाऱ्याचा मामा, घरी काम करणाऱ्या मावशींचं माहेर, मुलाच्या वर्गमित्राचे आजोबा, नागपुरात अशी ओळख निघत नाही असं होत नाही. मात्र ओळखीने जाताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. किती माणसं येणार, जेवणार की नाही, आणि जेवणाचा किराणा तुमच्याकडून. पैसे देऊ केले तर बहुतेक घरं घेत नाहीत, उलट दुखावतात. त्याऐवजी तेल, साखर, चहापत्ती, फळं असं सामान न्या आणि गेल्याबरोबर घरातल्या बाईंच्या हाती द्या. जाताना द्यायचं ठेवलं तर त्याला मोबदल्याचा वास येतो. सहा-सात माणसांपेक्षा मोठी टोळी नेऊ नका.

आठवडाभर आधी फोन केला असला तरी आदल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा करा. गावात मयत झाली असेल, शेतात फवारणी ठरली असेल, तर ते आपणहून सांगायला संकोचतात. तुम्हीच विचारा, "काकाजी, उद्या काही अडचण नाही ना? आम्ही पुढच्या रविवारी आलो तरी चालेल." फवारणीच्या दिवशी मुलांना घेऊन शेतात मुळीच जाऊ नका.

पिशवीत काय

जाड तळाचे बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी. सकाळी थंडी दहा अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ऊन चटके देतं, म्हणून काढता येईल असं स्वेटर. दुर्बीण असेल तर ती, नसेल तर उसनी मागा, तलावावर तिचा जितका उपयोग होतो तितका भारी कॅमेऱ्याचा होत नाही. कपड्यांचे रंग मातकट किंवा हिरवट असू द्या. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. अत्तर, सेंट लावू नका, पारेवरच्या जुन्या झाडांवर आग्या मोहोळ असतात आणि उग्र वासाने ते उठतात.

ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. ही माझी विनंती आहे, आणि या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही राहो.

निघणं

नागपूर-भंडारा साठ-पासष्ट किलोमीटर, पुढे लाखनी आणि मग साकोली साधारण शंभरावर. रस्ता रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53, जुनी माणसं अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो. तलावावर सातपर्यंत पोचायचं म्हणजे नागपूर पाचच्या आत सोडायला हवं. पहाटे वैनगंगेच्या पुलाजवळ धुकं दाट असतं आणि महामार्गावर ट्रकांची रांग असते. गाडी हळू हाका, तलाव अर्धा तास उशिरा दिसला तर काही बिघडत नाही.

एसटीने जाता येतं, पण मग सकाळचा तलाव हुकतो. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी भंडारा किंवा साकोलीला मुक्काम करा. रेल्वेने जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर.

तलावावरचे पहिले दोन तास

गाडी गावाबाहेर थांबवा आणि पारेवर पायी चढा. गाडी पारेवर नेऊ नका. मातीचा बांध आहे, चाकाने पडलेल्या चाकोऱ्यांतून पावसाळ्यात पाणी धावतं आणि बांध झिजतो.

वर आलात की लगेच चालू नका. एखाद्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसा आणि दहा मिनिटं काही करू नका. तुम्ही आलात तेव्हा काठावरचे पक्षी आत सरकलेले असतात, दहा मिनिटांनी ते परत कडेला येऊ लागतात. आधी ढोकरी येते, मातीच्या रंगाची, उडाली की एकदम पांढरी दिसणारी. मग कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी. पाणवनस्पतींच्या गर्दीत निळसर अंगाची, लाल कपाळाची जांभळी पाणकोंबडी शेपटी वरखाली करत फिरत असते. मध्यभागी अडई बदकांचा थवा असतो आणि तो उठला की शिट्ट्यांसारखा आवाज सगळ्या पाण्यावर पसरतो. एखाद्या खुंटावर पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा दिसेलच. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्यांत केशरी रंगाचे चक्रवाक ओळखायला सगळ्यात सोपे, बहुधा जोडीनेच असतात.

सारस दिसला तर ते भाग्य समजा. माणसाच्या खांद्यापर्यंत येईल एवढा उंच, करड्या अंगाचा, लाल डोक्याचा. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदियातच उरला आहे, भंडाऱ्यात अगदी मोजके. पावसाळ्यात तो बऱ्याचदा धानाच्या बांधीतच घरटं घालतो, म्हणजे शेतकऱ्याने ठरवलं तरच त्याची पिल्लं मोठी होतात. दिसला तर आहात तिथेच थांबा. जवळ जाऊ नका, ड्रोन उडवू नका, आणि ठिकाणाचा नेमका पत्ता मोबाईलवर सगळीकडे पाठवू नका.

थोड्या वेळाने पाण्यात एखादा डोंगा दिसेल. धिवर, म्हणजे मासेमार समाजाचे, बांधव रात्री लावलेली जाळी काढायला आलेले असतात. तलावातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. बीज त्यांनी सोडलेलं असतं, राखण त्यांनी केलेली असते. म्हणून गळ टाकून बसायचा मोह आवरा. मासे विकत मिळतील का असं विचारा, किनाऱ्यावरच ताजे रोहू, कतला मिळतात, नशीब असेल तर मरळ किंवा झिंगे. काही तलावांत शिंगाड्याची वेल असते, काठाला आपोआप उगवलेलं देवधान, म्हणजे रानटी धान, असतं. या गोष्टी धिवरांनाच विचारा. तलावातली प्रत्येक वनस्पती, कोणता मासा कशाच्या सावलीला अंडी घालतो, हे त्यांना ठाऊक असतं, आणि आपण मन लावून ऐकतो आहोत असं दिसलं तर ते भरभरून सांगतात.

पाण्यात उतरू नका, पोहता येत असलं तरी. वरून पाणी संथ दिसतं, पण खाली पिढ्यान्‌पिढ्यांचा गाळ आहे, पाय गुडघ्यापर्यंत रुततो, कमळाचे देठ आणि जुनी जाळी पायाला गुंडाळतात. मुलांना काठापासून चार हात मागेच ठेवा.

एक नजर तलावाच्या दुखण्यांकडेही असू द्या. काठाला जांभळट फुलांची दाट झुडपं दिसतील, ती बेशरम. तिने किती जागा खाल्ली आहे ते बघा. कुठे बुडीत जमिनीत कुणी शेती वाढवत आणली असेल, कुठे पारेवर झाडांची मुळं शिरून पाणी झिरपत असेल. तलाव गावाचे असताना त्यांची डागडुजी गावच करत होतं. आज कुणी कुठे हात लावायचा याचाच निवाडा पुष्कळ ठिकाणी व्हायचा आहे. गावातल्या जाणत्या माणसाला याबद्दल विचारा, दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं बोलणं तिथे होईल.

पाण्यामागे शेतात

नऊच्या सुमाराला पारेवरून खाली उतरा, पण ज्या बाजूने आलात तिकडून नव्हे. तुडूम शोधा. जुन्या तलावांत ते दगडी असतं, बऱ्याच ठिकाणी आता लोखंडी दार बसवलेलं दिसतं. तिथून पाट निघतो. पाटाच्या कडेने चालायला लागा.

हे चालणं या दिवसाचा जीव आहे, त्याला तासभर द्या. तलावाची पार नेहमी उताराच्या खालच्या अंगाला असते, म्हणून पाट पुढे आपोआप उतरत जातो, कुठे पंप नाही, वीज नाही. तलावाजवळच्या बांध्यांना पाणी पहिलं मिळतं, शेपटाकडच्यांना शेवटी. पाऊस दगा देतो त्या वर्षी, सप्टेंबरच्या शेवटाला धान पोटरीत, म्हणजे कणीस निघायच्या बेतात, आलेलं असताना, एक पाणी मिळतं की नाही यावर घराचं वर्ष ठरतं. तेव्हा कुणाला आधी, किती वेळ, हे गाव बसून ठरवतं. सोबतच्या मुलांना पाटाच्या प्रत्येक फाट्यावर विचारा, "इथून पाणी कुणाकडे गेलं असेल?" उत्तर चुकलं तरी चालेल, ते वाकून बघायला लागतात.

बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा घातलेला शेताचा चौकोन. चालायचं ते धुऱ्यावरून, बांधीतून नाही. कापणी झालेली दिसली तरी खाली लाखोळी उगवलेली असते आणि ती पायाखाली येते. धुरा अरुंद असतो, एकामागे एक चाला. गवतात पाय टाकण्याआधी काठीने चाचपा. कापणीनंतर उंदीर वाढतात आणि त्यांच्यामागे साप येतात, घोणस तर पाचोळ्यात पडलेली दिसतच नाही. कुणाला चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो पाय किंवा हात हलू न देता 108 ला फोन करा, किंवा हाताशी गाडी असेल तर सरळ सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे नेण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे पण ठाम नकार द्या.

तारेच्या कुंपणाला हात लावू नका. रानडुकरांपासून पीक वाचवायला काहींनी सौर कुंपण केलेलं असतं, त्याचा झटका बसतो पण जीव जात नाही. पण काही ठिकाणी थेट विजेचा करंट चोरून सोडलेला असतो, आणि अशा तारांनी माणसं गेली आहेत. म्हणून शेतमालक बरोबर नसताना अनोळखी शेतात शिरायचं नाही, अंधारात तर नाहीच.

शेतावर पोचल्यावर पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, दिसतील, चुरणी म्हणजे मळणी चालू असेल तर खळंही. खळ्यात चपला घालून जाऊ नका. शेतकऱ्याला ती जागा देवघरासारखी असते. विचारल्याशिवाय राशीला हात लावू नका. बहुतेक ठिकाणी आता मळणी यंत्र आहे, तरी एखाद्या घरी बैलांनी चुरणी चाललेली सापडते. बैलांजवळ जाताना समोरून जा, मागून नाही, आणि आधी मालकाला विचारा. मदत करायची इच्छा असेल तर पेंढ्या उचलून द्या, तुरीच्या शेंगा तोडा. विळा हातात घ्यायचा हट्ट करू नका. कापणीचा विळा नवख्याच्या हाती आला की बोट कापतंच.

काम करणाऱ्या बायांचे फोटो न विचारता काढू नका. आधी दोन शब्द बोला, गाव विचारा. हसून त्या स्वतःच म्हणतील, "काढा ना जी." नाही म्हणाल्या तर मोबाईल खिशात.

जेवण

झाडीपट्टीत जेवण म्हणजे भात. भाकरीची वाट बघू नका. चुलीवरचा भात, वरण, वांग्याची भाजी, वर भरपूर सांबार. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्यांना आधी सांगून ठेवा. कुणी लाखोळीच्या डाळीचे वडे करतील, कुणी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, तिखट रस्सा. हिवाळ्यात शेतावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे आणि वांगी करायची पद्धत विदर्भात सगळीकडे आहे, तसा बेत ठरला तर लाकडं, गोवऱ्या गोळा करण्यापासून हाताखाली राहा. सकाळी घेतलेले मासे असतील तर ते घरातल्या बाईंच्या पद्धतीनेच होऊ द्या, आपल्या सूचना देऊ नका.

भात कोणत्या धानाचा आहे हे विचारायला विसरू नका. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि तो शिजत असताना वास अंगणापर्यंत येतो. चिन्नोर सगळीकडे नसतो. त्याला दिवस जास्त लागतात आणि उत्पन्न कमी येतं, म्हणून पुष्कळ घरं स्वतःपुरताच पिकवतात. तुमच्या ताटात तो वाढला असेल तर घराने आपल्या कोठीतलं सगळ्यात चांगलं तुम्हाला दिलं आहे.

जेवताना नको म्हणायची वेळ येईल. "घ्या ना जी, एवढ्यानं काय होते" असं तीन वेळा होईल. थोडं थोडं घ्या म्हणजे पुन्हा घेता येतं. ताटात टाकू नका. ज्या पाटाने तुम्ही सकाळी चालत आलात, त्याच्या टोकाचा तो भात आहे.

दुपारी उकडलेल्या तुरीच्या आणि पोपटाच्या शेंगा पुढे येतील. त्या सोलत सावलीत बसा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोला. कोणत्या साली तलाव फुटण्याची भीती होती, कोणत्या साली कोरडा पडला, तेव्हा पाणी कसं वाटलं. या गप्पांसाठीच दुपार मोकळी ठेवायची असते. म्हणून जवळची तीन पर्यटनस्थळं कार्यक्रमात कोंबू नका. नागझिऱ्याच्या जंगलात पुन्हा कधी वेगळा दिवस काढून जा.

पावसाळ्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर दुपारनंतर आभाळाकडे लक्ष ठेवा. या भागात वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं दगावतात. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका, पारेवर किंवा उघड्या बांधीत राहू नका, पक्क्या घरात किंवा गाडीत जा. हवामान संस्थेचं दामिनी हे ॲप मोबाईलवर आधीच घेऊन ठेवा, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की ते इशारा देतं.

परत फिरताना

डिसेंबरमध्ये साडेपाचला सूर्य मावळतो. साडेचारला उठा आणि निघायच्या आधी एकदा पारेवर जाऊन या. सकाळी डावीकडून आलेला उजेड आता उजवीकडून येतो, गुरं पाणी पिऊन परतत असतात, बगळे एकाच झाडावर जमायला लागतात. पंधरा मिनिटं पुरतात. अंधार पडायच्या आत गावाच्या रस्त्यावर या. जंगलाला लागून असलेल्या गावांत संध्याकाळी वाघ, अस्वल, रानडुकरं बाहेर पडतात. गावची माणसं "आता निघा" म्हणाली की निघायचं, पाहुणचारात कमी पडले असं समजायचं नाही.

तांदूळ विकत घेणार असाल तर ते सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना काढून, पाखडून ठेवता येतो. भावात घासाघीस करू नका. शहरातल्या दुकानात त्याच तांदळाला काय देता ते तुम्हाला माहीत आहे, तेवढे द्या. या वर्षीचा आहे की मागच्या वर्षीचा, तेही विचारा. नवा तांदूळ शिजवताना पाणी नेहमीपेक्षा कमी ठेवावं लागतं, नाहीतर गिचका होतो. पहिल्यांदा वाटीभरच शिजवून अंदाज घ्या आणि उरलेल्यात कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून डबा घट्ट लावून ठेवा.

रात्री घरी पोचलात की कितीही उशीर झालेला असला तरी फोन करा. "पोचलो जी" एवढंच सांगायचं आहे, पण तो फोन येईपर्यंत त्या घरातलं कुणीतरी जागं असतं. काढलेले फोटो दोन-चार दिवसांत छापून पाठवा, मोबाईलवर नको, कागदावर. आजीबाईंचा पुंजण्यापाशी बसलेला फोटो भिंतीवर लागतो. आणि जूनमध्ये नागपुरात पहिला मोठा पाऊस झाला की पुन्हा एक फोन करून विचारा, तलावात पाणी कुठवर आलं, सांडवा वाहिला का, रोवणी कधी धरताय.